रुग्णसाहित्य केंद्र: कामाच्या नोंदी

५ जानेवारी

आमच्या रोटरी क्लबच्या मासिक सभेत ठराव मंजूर झाला. रुग्णाला घरी लागणारं साहित्य ठराविक मुदतीसाठी, परतीच्या बोलीवर द्यायचं. भाडं नाही, फक्त अनामत. सुरुवातीच्या यादीत घडीची व्हीलचेअर, वॉकर, काखेतल्या कुबड्या, कोपर-कुबड्या, काठ्या, कमोड खुर्ची, पाठ टेकायची चौकट, हाताने फिरवायचा पलंग, हवेची गादी (पडून राहिल्याने जखमा होऊ नयेत म्हणून) आणि एक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र).

काय ठेवायचं नाही यावर चर्चा जास्त रंगली. नेब्युलायझरचे मास्क, नाकातल्या नळ्या, सक्शनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या या एका माणसाच्याच वस्तू. एकाने वापरल्या की दुसऱ्याला द्यायच्या नाहीत. मानेचे आणि कमरेचे कापडी पट्टे घामाने आतून खराब होतात आणि मापही माणसागणिक बदलतं, म्हणून तेही नकोत. उरलेली औषधं कुणी कितीही प्रेमाने आणून दिली तरी घ्यायची नाहीत.

१२ जानेवारी

खोली तळमजल्यावरच हवी. घडीची व्हीलचेअर उघडल्यावर साधारण ६५ सेंटीमीटर रुंद असते, ढकलणाऱ्याची बोटं चौकटीला घासू नयेत म्हणून दाराची मोकळी रुंदी निदान ८० पाहिजे. पायरी १५ सेंटीमीटरची आहे. उताराचं प्रमाण १:१२ धरलं की रॅम्प १८० सेंटीमीटर लांब होतो. सुतार म्हणत होता मीटरभर पुरेल. रिकामी खुर्ची त्यावर चढेल, माणूस बसलेली चढवताना ढकलणाऱ्याचा दम निघेल आणि उतरवताना खुर्ची हातातून सुटेल. १८०च करायचा.

आत दोन टेबलं, खोलीच्या दोन टोकांना. एकावर परत आलेलं, दुसऱ्यावर द्यायला तयार. मधे नळ, मोरी आणि दुरुस्तीचा ओटा. परतीच्या टेबलावरची वस्तू मोरीवरून आणि ओट्यावरून गेल्याशिवाय दुसऱ्या टेबलावर जाणार नाही, हा नियम मोठ्या अक्षरात लिहून लावला. एकाच टेबलावर सगळं ठेवलं तर गर्दीच्या दिवशी न धुतलेली कमोड खुर्ची हमखास कुणाच्या तरी घरी जाते.

१९ जानेवारी

सभासदांच्या घरांतून जमा झालेलं साहित्य वेगळं केलं. तीन ढीग: चालू, दुरुस्तीचं, सुट्या भागांसाठी. व्हीलचेअर पाहताना आधी सीट उचलून खालचे फुलीसारखे आडवे दांडे बघायचे. त्यांच्या मधल्या बोल्टचं भोक लंबुळकं झालं असेल तर खुर्ची तिरकी उघडते. भोवती केसाएवढी चीर दिसली तर खुर्ची थेट तिसऱ्या ढिगात, वरून कितीही चकचकीत असो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला नेहमीच्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घ्यायचा नाही. तो टाका बाजूची नळी कमकुवत करतो आणि पुढची चीर तिथेच पडते.

नंबर टाकायची पद्धत ठरली. कागदी स्टिकर दोन धुण्यांत निघतो. ऑइलपेंटने अक्षर आणि आकडा: व्ही-१, वॉ-१, कु-१. कुबड्यांच्या जोडीतल्या दोन्हींवर एकच नंबर, नाहीतर परत येताना जोड्या बदलतात आणि उंचीच्या भोकांचा मेळ बसत नाही. पत्र्याची पट्टी रिबिटने ठोकायची सूचना होती, ती नाकारली. वजन पेलणाऱ्या नळीला भोक पाडायचं नाही.

२६ जानेवारी

दिवसभर व्हीलचेअरचीच दुरुस्ती. क्रम लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नवा सभासदही करू शकेल.

आधी पुढची छोटी चाकं. खुर्ची आडवी करून चाक बोटाने फिरवायचं. अडखळलं तर नव्वद टक्के वेळा दोष बेअरिंगचा नसतो, धुऱ्याभोवती केस आणि दोरे घट्ट गुंडाळलेले असतात. बोल्ट काढायचा, चिमट्याने आणि ब्लेडने गुंता कापायचा. तरीही खरखर राहिली तर बेअरिंग बदलायचं. आपल्याकडच्या बहुतेक खुर्च्यांना ६०८ नंबरचं बसतं: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. तरी जुनं हातात घेऊनच दुकानात जायचं. बसवताना हातोडी बाहेरच्या कड्यावर, आतल्या कड्यावर ठोकलं तर नवंच बेअरिंग खराब होतं.

पुढचं चाक चालताना थरथरत असेल तर त्याच्या उभ्या खुंट्यावरची टोपी काढून नट बघायचा. नट इतका आवळायचा की चाक वरखाली हलणार नाही, पण बोट लावताच गर्रकन वळेल. जास्त आवळला की खुर्ची एका बाजूला ओढते आणि ढकलणारा रस्त्याला दोष देतो.

मागचं चाक २४ इंची. टायरवर २४ × १ ३/८ लिहिलेलं असतं आणि फसगत नेमकी इथे होते, कारण त्याच आकड्यांचे दोन वेगळे टायर मिळतात. रिमचा व्यास एकात ५४० मिलिमीटर, दुसऱ्यात ५४७. व्हीलचेअरला सहसा ३७-५४० (रुंदी ३७, रिम ५४०) लागतो. ५४७ वाला चढतो सैल आणि हवा भरली की बाजूने सुटतो. उलट केलं तर रिमवर चढतच नाही आणि जबरदस्तीत ट्यूब चिमटते. म्हणून इंचाचे आकडे सोडून टायरच्या कडेवर बारीक अक्षरात छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचायचा.

ब्रेक सगळ्यात शेवटी, हवा भरल्यावर. ढकलून लावायच्या ब्रेकची दांडी टायरच्या रबरात रुतूनच चाक धरते, दोन-तीन मिलिमीटर तरी रुतली पाहिजे. हवा कमी असताना ब्रेक जुळवला तर हवा भरल्यावर तो लागतच नाही; आणि भरलेल्या टायरवर जुळवलेला ब्रेक महिन्याभरात हवा उतरली की पकड सोडतो. “ब्रेक खराब” म्हणून परत येणाऱ्या खुर्चीला बरेचदा फक्त पंप लागतो. चाचणी माणूस बसवून: दोन्ही ब्रेक लावून मागून ढकलायचं, टायर घासत सरकला तर चालेल, फिरला तर नाही.

यावरून ठरवलं की घरातल्या घरात वापरायच्या खुर्च्यांना भरीव टायर घालायचे. ते जड असतात, खडबडीत रस्त्यावर अंग हादरवतात, पण घरोघरी पंप नसतो आणि भरीव टायरवर ब्रेक एकदा जुळवला की टिकतो. हवेचे टायर बाहेर फिरणाऱ्यांसाठी राखून ठेवायचे.

सीटचं रेक्झिन मधे झोळीसारखं लोंबलं असेल तर बदलायचं. त्यात मांड्या आत वळतात, माणूस एका कुशीवर कलतो आणि बसायच्या हाडांवर भार येतो. दिवसभर बसणाऱ्याला निदान ५ सेंटीमीटर जाड फोमची उशी द्यायचीच.

२ फेब्रुवारी

कुबड्या, वॉकर, काठ्या. काम एकच, पण सगळ्यात महत्त्वाचं: खालचे रबरी बूट. तळाच्या गोल खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ओल्या फरशीवर कुबडी निसटते. बुटाचं माप नळीच्या बाहेरच्या व्यासावर, आपल्याकडे १९ आणि २२ मिलिमीटरचे लागतात. १९ च्या नळीवर २२ चा बूट कापडाची चिंधी कोंबून बसवलेला सापडला, असं मुळीच चालणार नाही. नवा बूट घालताना आत लोखंडी वॉशर टाकायचा, नाहीतर नळीची धार काही आठवड्यांत रबर कापून खाली डोकावते.

जुने बूट काढताना नळीतून गंजकं पाणी निघालं. धुतल्यावर पाणी नळीत उतरतं आणि बुटात साठून राहतं. यापुढे धुतलेली प्रत्येक वस्तू बूट काढून उलटी वाळवायची.

उंचीची स्प्रिंगची गुंडी पूर्ण बाहेर येते का हे प्रत्येक पायाला बघायचं. अर्धी अडकलेली गुंडी हाताने दाबून बघताना धरते आणि माणसाचं वजन पडलं की सुटते.

९ फेब्रुवारी

धुण्याचा तक्ता मोरीवर लावला. आधी साबण-पाणी आणि ब्रश, मग निर्जंतुकीकरण. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण मळ, रक्त, विष्ठा शिल्लक असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिलिलिटर घेऊन पाण्याने एक लिटर करायचं, म्हणजे ०.१ टक्का. रक्त किंवा विष्ठा लागलेली असेल तर १०० मिलिलिटरचं एक लिटर, म्हणजे ०.५ टक्के. फडक्याने पुसून पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्यायचा, मग साध्या पाण्याने पुसून कोरडा करायचा. हे शेवटचं पुसणं टाळलं तर क्रोम आणि स्क्रू गंजतात. द्रावण रोज ताजं.

हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून काम करायचं. संडास साफ करायचं ॲसिड त्याच बादलीत कधीही पडू द्यायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. लघवी लागलेल्या वस्तूवरही हायपोक्लोराइट थेट ओतायचं नाही, आधी भरपूर पाणी. ॲसिडची बाटली खोलीतूनच बाहेर काढली.

हवेच्या गादीच्या पंपाचं आणि कॉन्सन्ट्रेटरचं बटणांचं पॅनेल ७० टक्के अल्कोहोलने, फडकं ओलं करून पुसायचं, फवारायचं नाही. फाटक्या रेक्झिनमधून फोम भिजला असेल तर फोम फेकायचा, तो आतून साफ होत नाही. उशांच्या शिवणी टॉर्चने बघायच्या. ढेकणाचे काळे ठिपके दिसले तर वस्तू आत न आणता पिशवीत बंद.

१६ फेब्रुवारी

साहित्य देण्याचा पहिला आठवडा. फॉर्मवर रुग्णाचं वजन, उंची आणि बसल्यावर कमरेची रुंदी हे तीन रकाने वाढवले. घरचे येतात ते “एक व्हीलचेअर द्या” म्हणत, मापाचं त्यांच्या मनातही नसतं. सीटची रुंदी कमरेच्या रुंदीपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर जास्त, त्याहून फार नको. सीटची खोली अशी की गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी राहावीत. पायाची पाटी जमिनीपासून किमान ५ सेंटीमीटर वर. वजनाची मर्यादा खुर्चीच्या पट्टीवर लिहिलेली असते, साध्या घडीच्या खुर्चीची बहुधा १०० किलो.

कुबडी देताना माणूस उभा करूनच माप. काख आणि कुबडीची गादी यांत दोन-तीन बोटांची फट, मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर, कोपर २० ते ३० अंश वाकलेलं. भार हातांवर घ्यायचा. काखेवर लोंबकळलं तर तिथली नस दाबली जाते आणि मनगट लुळं पडतं. वॉकर आणि काठीचीही मूठ मनगटाच्या घडीला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे सांगितल्यावर निम्मे लोक काठी लगेच दुसऱ्या हातात घेतात, तेव्हा न चुकता सांगायचंच.

खुर्ची देताना करून दाखवायच्या चार गोष्टी: उघडताना तळहाताने सीटच्या कडा खाली दाबायच्या, बोटं कडेखाली घालायची नाहीत, चेंगरतात; उठण्याआधी दोन्ही ब्रेक; उठण्याआधी पायाच्या पाट्या वर, त्यांवर उभं राहिलं की खुर्ची पुढे उलटते; पायरी उतरवताना खुर्ची पाठमोरी.

२३ फेब्रुवारी

कमोड खुर्च्या सगळ्यात जास्त मागितल्या जातात आणि सगळ्यात कमी दान मिळतात. उद्घाटनाच्या फोटोत त्या मागच्या रांगेत होत्या. खरं तर रोटरीच्या शिकागोच्या पहिल्या क्लबने १९०७ मध्ये हाती घेतलेलं पहिलं लोकोपयोगी काम सार्वजनिक स्वच्छतागृहाचंच होतं, तेव्हा लाजायचं कारण नाही.

चारही पाय एकाच भोकावर आहेत का ते मोजून देणे. अर्धांगाच्या रुग्णाला बिनचाकाचीच. भांडं काढून खुर्ची घरच्या कमोडवर ठेवायची असेल तर घरच्यांकडून कमोडची उंची आधी मागवायची. लघवीच्या क्षारांनी सीटखालचे वेल्डिंगचे टाके आधी गंजतात, परत आल्यावर तिथे बोट फिरवून बघायचं.

१ मार्च

हवेच्या गादीबद्दल दोन घरांतून एकच तक्रार, “गादी फुगत नाही.” दोन्हीकडे कारण वेगळं. एका ठिकाणी पंपाची नळी पलंगाच्या चौकटीत चिमटली होती. दुसरीकडे दोन नळ्यांपैकी एक निसटली होती, त्यामुळे अर्धे कप्पे सपाट आणि अर्धे कायम फुगलेले. पंप आवाज करत चालू असल्याने घरच्यांना संशय आला नाही.

या गादीचं काम आळीपाळीने कप्पे फुगण्यावर अवलंबून आहे, एक फेरी साधारण दहा मिनिटांची. तपासणी अशी: गादी नेहमीच्या गादीवर पसरायची, अर्धा तास फुगू द्यायची, रुग्णाला झोपवायचं आणि कमरेच्या हाडाखाली, हवेच्या गादीच्या खालून हात सरकवायचा. हाड हाताला टेकलं तर दाब कमी. पंपावरचं बटण वजनाप्रमाणे वाढवायचं. एकच पातळ चादर. वर गोधडी, प्लास्टिक आणि आणखी चादर घातली तर गादी आहे की नाही याने काही फरक पडत नाही. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, हे फॉर्मवर लाल शाईत छापून घेतलं.

पंक्चर शोधायला साबणाचं पाणी, चिकटवायला पीव्हीसीचा तुकडा आणि त्याचंच सोल्युशन. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन पीव्हीसीवर धरत नाही. पंप चालू पण हवा मंद असेल तर आतला रबरी पडदा फाटलाय का बघायचं.

८ मार्च

पलंग पोचवला. जाण्याआधी जिन्याच्या वळणाचं आणि दाराचं माप फोनवर घ्यावं. डोक्याकडची आणि पायाकडची पाटी काढूनच न्यायचा, नटबोल्ट एका पिशवीत घालून ती चौकटीलाच बांधायची. माणसं निदान चार. हँडलच्या स्क्रूला ग्रीस, आणि वापर झाला की हँडल आत दुमडायचं. बाहेर राहिलं की नडगी फुटते.

२२ मार्च

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही, आणि चिठ्ठीवर लिटरचा आकडा हवाच. “थोडा जास्त लावला तर बिघडलं कुठे” असं घरच्यांना वाटतं. फुप्फुसाच्या जुन्या आजारात जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, त्यामुळे बटण ठरलेल्या आकड्यावर, घरच्यांनी फिरवायचं नाही.

यंत्र खोलीतली हवा ओढून झिओलाइटच्या दाण्यांत नायट्रोजन अडकवतं आणि साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन सोडतं. दाण्यांना ओल लागली की नायट्रोजन धरायची ताकद कमी होते. म्हणून कपाटात महिनोन्महिने बंद ठेवायचं नाही, महिन्यातून एकदा तासभर चालवायचं. देताना आणि परत घेताना शुद्धता मीटरने मोजून, यंत्र किती तास चाललं त्या काट्याच्या आकड्यासह वहीत लिहायची.

घरी बसवताना भिंतीपासून ३० सेंटीमीटर लांब. जाळीचा फिल्टर आठवड्याला साबणाने धुऊन पूर्ण वाळवून. ऑक्सिजन ओलसर करायच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर. सगळ्यात जास्त येणारा फोन: “यंत्र चालू आहे पण हवा लागत नाही.” नाकातल्या नळीची टोकं ग्लासभर पाण्यात बुडवायची. बुडबुडे आले नाहीत तर बाटलीचं झाकण वाकडं बसलंय, नाहीतर नळी पलंगाच्या पायाखाली गेली आहे. तपासून झालं की टोकं नीट झटकून कोरडी करायची. त्या खोलीत विडी, सिगारेट, दिवा, शेगडी नाही. नाकाला व्हॅसलीनसारखं तेलकट मलम नाही, पाण्यावर आधारलेली जेल चालते. वीज गेली की यंत्र बंद, तेव्हा जवळ सिलिंडरची सोय असल्याचं घरच्यांकडून लिहून घ्यायचं.

५ एप्रिल

मुदत संपलेल्या वस्तूंची यादी काढली. न परतलेल्या वस्तू बुडवलेल्या नसतात, पुढे सरकलेल्या असतात: आजोबांचं झालं, शेजारच्या काकूंना लागली, तिथून त्यांच्या बहिणीकडे. वस्तू वापरातच आहे, पण मधे ना धुतली गेली, ना मापाने दिली गेली. त्यामुळे फॉर्मवर एक ओळ वाढवली: दुसऱ्या कुणाला हवी असल्यास आधी केंद्रात आणावी, त्याच दिवशी त्यांच्या नावावर देऊ. दोन फेऱ्या नकोत म्हणूनच लोक परस्पर देतात, तेव्हा त्याच दिवशी हा शब्द पाळावा लागेल. धुणं आणि तपासणीसाठी तास-दीड तास धरायचा.

यापुढे मुदत तीन महिने, फोनवर वाढवून मिळेल. अनामत परतीच्या टेबलावरच, लगेच हातात. खजिनदार नाहीत म्हणून माणसाला परत पाठवलं तर पुढची वस्तू वेळेवर येत नाही. अनामतीचं पाकीट वस्तूच्या नंबराने वेगळं, क्लबच्या खात्यात मिसळायचं नाही.

फोन करणाऱ्याने सुरुवात “कसं आहे आता बाबांचं?” अशी करायची. घरात कुणी गेलं असेल तर त्या फोनवर वस्तूचा विषय काढायचा नाही, वहीत तारीख पुढे ढकलायची आणि महिन्याने स्वतः जाऊन घेऊन यायची.

१९ एप्रिल

साठा मोजला. व्हीलचेअर पुरेशा, कमोड खुर्च्या आणि १९ मिलिमीटरचे बूट कमी. कुबड्या जास्त झाल्यात, यापुढे दानात नकोत असं सूचनाफलकावर लिहावं. देणाऱ्याला वाईट वाटेल, पण खोली तेवढीच आहे.

पुढच्या बैठकीआधी: व्ही-४ ची डावी पायाची पाटी, दोन वॉकरच्या गुंड्या, ऑक्सिजन मीटरची बॅटरी, हायपोक्लोराइटच्या डब्यावरची मुदत तपासणे, रॅम्पच्या खालच्या कडेला घसरू नये म्हणून खरबरीत पट्टी.